डिस्ने वर्ल्डमध्ये एक एसटी कंडक्टर

कानात इयरफोन घालून लोकलच्या दारात उभे असाल किंवा स्टॉपवर बसची वाट बघत असाल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे नेहमीसारखं लेखी रूप. बोलताना मी जितक्या वेळा "म्हणजे" म्हटलं, त्यातले निम्मे काढून टाकलेत. बाकी सगळं तसंच ठेवलंय.

तर, मे २०२३. फ्लोरिडा. माझी ताई टॅम्पाला राहते. आई-बाबांना घेऊन मी तिच्याकडे गेले होते. तिथून ओरलँडो गाडीने साधारण दीड तास, त्यामुळे डिस्ने वर्ल्ड ठरलेलंच होतं. सकाळी ताईने पार्किंगमध्ये गाडी लावली, आम्ही उतरलो, आणि बाबांनी चारी बाजूंनी बघून विचारलं, "किल्ला कुठाय?"

किल्ला म्हणजे तो जाहिरातीतला, सिंड्रेलाचा. होता ना. पण लांब, एका मोठ्या तळ्याच्या पलीकडे, बोटाच्या पेराएवढा. ताईने समजावलं, की मॅजिक किंगडम इथून सुमारे एक मैल पुढे आहे. गाडी इथेच ठेवायची आणि पुढे मोनोरेल किंवा बोट घ्यायची.

बाबा म्हणाले, "म्हणजे पैसे भरून गाडी लावायची, आणि मग परत दुसऱ्या गाडीत बसायचं? हे कुणाच्या डोक्यातून आलं?"

आता माझ्या बाबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. बाबा तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, विटा डेपोला. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्यांवर त्यांची ड्युटी लागायची. त्यामुळे आम्ही तिघी जेव्हा डोक्यावरून सरकणाऱ्या मोनोरेलचा व्हिडिओ काढत होतो, तेव्हा बाबा मनगटावरचं घड्याळ बघत होते. थोड्या वेळाने मला म्हणाले, "गाडी काय बघायलीस? फेरी बघ. रांगेत किती माणसं आहेत, आणि एका फेरीत किती उचलत्यात, ते बघ. बोटीनं जाऊ."

आम्ही बोटीने गेलो. समोरची सगळी रांग एका दमात बोटीत मावली. मोनोरेलची रांग मात्र मागे तशीच दिसत होती.

बाबांच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तेव्हा जमलं नाही. घरी आल्यावर वाचत गेले. आजचा भाग म्हणजे ते उत्तर.

संत्र्यांच्या बागेत झालेली पंचाईत

सुरुवात फ्लोरिडात नाही, कॅलिफोर्नियात होते. १७ जुलै १९५५ ला अनाहाइम इथे डिस्नेलँड उघडलं. संत्र्यांच्या बागा तोडून केलेली १६० एकर जागा. पहिल्याच दिवशी तिकडे जाणाऱ्या हायवेवर गाड्यांची रांग लागली. पार्क तुफान चालला.

आणि त्याचं चालणंच अंगाशी आलं. पार्कच्या भिंतीबाहेरची जमीन वॉल्ट डिस्नेची नव्हती. बघता बघता चारी बाजूंनी मोटेल, खाणावळी आणि चकाकणाऱ्या पाट्या उभ्या राहिल्या. आत परीकथा, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की ट्रॅफिक आणि हॉर्न. वॉल्टला हे शेवटपर्यंत खुपत राहिलं.

वाहनांचं वेड मात्र या माणसाला आधीपासून होतं. १९५० मध्ये त्याने स्वतःच्या घराच्या मागच्या अंगणात छोटी वाफेची रेल्वे बांधली होती, माणूस वर बसून फिरू शकेल अशी. डिस्नेलँडला पहिल्या दिवसापासून भोवतीने फिरणारी आगगाडी होती. १९५६ मध्ये केबलवर लटकणारे पाळणे आले, त्याचं नाव स्कायवे. हा पाळणा लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

मग जर्मनीत, कोलोन शहराजवळ, त्याने आल्वेग कंपनीची मोनोरेल बघितली. आल्वेग हे नाव तिच्या स्वीडिश मालकाच्या नावावरून आलंय, अ‍ॅक्सेल लेनार्ट वेनर-ग्रेन. काँक्रीटची एक अरुंद तुळई, आणि घोड्यावर मांड ठोकावी तशी तिच्यावर मांड ठोकून, रबरी चाकांवर धावणारी विजेची गाडी. वॉल्ट तिच्या प्रेमातच पडला. १४ जून १९५९ ला डिस्नेलँडमध्ये ती सुरू झाली. अमेरिकेत रोज चालणारी पहिली मोनोरेल. फीत कापायला उपराष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन सहकुटुंब आले होते. गाडीचं डिझाइन करणारे बॉब गर यांनी पुढे अनेकदा सांगितलेला एक किस्सा आहे. वॉल्टने निक्सन मंडळींना गाडीत बसवलं, गाडी सुटली, आणि त्यांचे सुरक्षारक्षक फलाटावरच राहिले!

पण बाबांच्या नजरेने बघा. ही गाडी जात कुठे होती? कुठेच नाही. एक चक्कर मारून जिथून निघाली तिथेच परत. दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, ती रस्त्यापलीकडच्या डिस्नेलँड हॉटेलपर्यंत नेली, तेव्हा कुठे ती पाळण्याची गाडी झाली. वॉल्टचं म्हणणं होतं की हे खेळणं नाही, शहरांनी हेच करायला हवं. आल्वेग कंपनीने १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला स्वतःच्या खर्चाने मोनोरेल बांधून देण्याचा प्रस्तावही दिला, पैसे नंतर तिकिटांतून वसूल करायचे. लॉस एंजेलिसने तो नाकारला.

जे शहर झालंच नाही

आता फ्लोरिडा. साठच्या दशकाच्या मध्यावर ओरलँडोजवळ कुणीतरी गुपचूप जमिनी घेत होतं. वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या, पण मागे माणूस एकच. डिस्नेचं नाव फुटलं असतं तर भाव गगनाला भिडले असते. अशी सुमारे २७,००० एकर जमीन साधारण पन्नास लाख डॉलरला गोळा झाली, आणि १५ नोव्हेंबर १९६५ ला अधिकृत घोषणा झाली.

२७,००० एकर म्हणजे किती? सुमारे ११० चौरस किलोमीटर. आपलं मुंबई शहर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचं बेट, ते सुमारे ६८. अख्खं बेट मावून वर जागा उरेल. आता दाराबाहेर मोटेल उभं राहायचा प्रश्नच नव्हता. पण नवा प्रश्न आला: एवढ्या जागेत माणसं हलवायची कशी?

ऑक्टोबर १९६६ मध्ये वॉल्टने एक फिल्म शूट केली. त्यात तो नकाशासमोर उभा राहून आपली खरी योजना सांगतो. पार्क हा तिचा एक कोपरा होता. मधोमध होतं एपकॉट नावाचं खरंखुरं शहर, वीस हजार वस्तीचं. आणि त्या शहराचं डोकं होतं वाहतूक. मध्यभागी छताखाली बाजारपेठ आणि उंच हॉटेल. त्याच्या पोटात स्टेशन. लांबच्या प्रवासाला मोनोरेल: एका टोकाला प्रवेशद्वार, दुसऱ्या टोकाला पार्क. घरापासून मध्यापर्यंत यायला पीपलमूव्हर. मोटारी जमिनीखालच्या मजल्यावर, ट्रक त्याच्याही खाली. वर फक्त चालणारी माणसं. रहिवाशाला स्वतःची मोटार लागलीच, तर ती सुट्टीत भटकायला.

पीपलमूव्हर ही भन्नाट गोष्ट आहे. छोटे छोटे उघडे डबे, त्यांना स्वतःचं इंजिन नाही. रुळातच बसवलेली चाकं फिरतात आणि डब्यांना पुढे ढकलत राहतात. न्यूयॉर्कच्या १९६४-६५ च्या जागतिक प्रदर्शनात फोर्ड कंपनीसाठी डिस्नेने जी राइड केली, तिथून हे आलं. महत्त्वाचं म्हणजे ही गाडी थांबत नाही. तुम्ही सरकत्या पट्ट्यावर पाय ठेवता, डब्यात बसता, आणि निघता. "पुढची गाडी किती वाजता?" हा प्रश्नच उरत नाही. मी बाबांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे कंट्रोलरच्या खिडकीपुढं गर्दी नाही." ज्याने आयुष्यभर त्या खिडकीपुढची गर्दी झेललीय, त्याला ते लगेच कळलं.

१५ डिसेंबर १९६६ ला वॉल्ट गेला. फिल्म शूट करून जेमतेम सात आठवडे झाले होते. शहराची योजना त्याच्याबरोबरच गेली. थोरला भाऊ रॉय निवृत्त व्हायच्या बेतात होता, तो थांबला आणि त्याने पार्क तेवढा पुरा केला. पीपलमूव्हर डिस्नेलँडला १९६७ मध्ये सुरू झाली, मॅजिक किंगडममध्ये १९७५ ला. शहरांना विकण्यासाठी डिस्नेने वेगळा विभागही काढला. गिऱ्हाईक मिळालं ते ह्यूस्टनचा विमानतळ, १९८१ मध्ये. गोष्ट तिथेच थांबली. मोटारी जमिनीखाली घालणाऱ्या शहराचा शोध आज मुलांना पार्कमध्ये दहा मिनिटं पाय मोकळे करायला मिळतो.

तळं, माती आणि बोट

मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं. आणि इथे बाबांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर आहे.

कॅलिफोर्नियातला धडा असा होता, की रस्त्यावरचं जग पार्कच्या दाराला चिकटू द्यायचं नाही. म्हणून पार्किंग एक मैल अलीकडे ठेवलं. मधल्या पट्ट्यात खोदकाम करून सेव्हन सीज लगून नावाचं तळं केलं. पलीकडचं बे लेक नैसर्गिक, हे मात्र माणसाने खोदलेलं. फ्लोरिडाची जमीन दलदलीची, खाली लगेच पाणी. तळ्यातून निघालेली माती पार्कची पातळी उंच करायला वापरली. म्हणून मॅजिक किंगडममध्ये तुम्ही चालता ते खरं तर वरच्या मजल्यावर. तुमच्या पायाखाली कामगारांचे बोगदे आहेत: कपडे, कचरा, सामान, सगळं तिथून फिरतं. वॉल्टच्या शहरातली "माणसं वर, माल खाली" ही कल्पना निदान इथे तरी जिवंत राहिली.

मला इथे आमची शाळेची सहल आठवली. सहावीत आम्ही मुंबईला एस्सेलवर्ल्डला गेलो होतो. गोराईची जेट्टी, खाडी, डुगडुगती बोट, आणि बाई पुन्हा पुन्हा डोकी मोजतायत. राइड कुठल्या होत्या ते मला धड आठवत नाही, पण बोट आठवते. गोराईला खाडी मुळातच होती, त्यामुळे बोट ही गरज होती. फ्लोरिडात पाणी मुद्दाम मध्ये आणलं. पण दोन्हीकडे मुलाच्या मनात तेच होतं: काठ सुटला की घर मागे पडतं.

या तळ्याच्या काठाने मोनोरेल फिरते. एकमेकींना समांतर दोन तुळया आहेत. एकीवरून पार्किंग ते पार्क थेट गाडी, दुसरीवरून काठच्या हॉटेलांना थांबत जाणारी. त्यातल्या कंटेम्पररी नावाच्या हॉटेलच्या तर पोटातून मोनोरेल जाते. खाली लोक नाश्ता करतायत आणि डोक्यावरून गाडी सरकतेय. हा फोटो जगभर गेला. भविष्य असं दिसेल, असं लोकांना वाटलं.

तळ्यातल्या मोठ्या फेरीबोटींमध्ये एका वेळी सहाशे माणसं मावतात. त्यातल्या एकीचं नाव जनरल जो पॉटर. हा माणूस आधी पनामा कालव्याच्या पट्ट्याचा गव्हर्नर होता, मग डिस्नेकडे येऊन त्याने या दलदलीत कालवे आणि पाण्याचा निचरा उभा केला. परीकथेतल्या बोटीवर एका ड्रेनेजवाल्याचं नाव आहे, हे मला फार आवडलं.

मोनोरेल थांबली, बस धावली

१९८२ मध्ये एपकॉट उघडलं. शहर नाही, त्याच नावाचा दुसरा पार्क. मोनोरेल तिथपर्यंत वाढवली, आणि एकूण तुळई १४.७ मैलांची झाली, सुमारे साडेतेवीस किलोमीटर.

त्यानंतर १९८९ मध्ये तिसरा पार्क आला. १९९८ मध्ये चौथा. हॉटेलं वाढत वाढत वीस-पंचवीसवर गेली. मोनोरेल मात्र १९८२ नंतर एक इंचही पुढे गेली नाही. कारण साधं आहे. तुळई बांधायला अफाट पैसा लागतो, आणि एकदा बांधली की ती हलवता येत नाही. उद्या नवं हॉटेल भलतीकडेच निघालं, तर तुळई वाकवून तिकडे नेणार कशी?

मग एवढी माणसं कोण हलवतं? बस. साधी, डिझेलची, रबरी टायरची बस. डिस्ने वर्ल्डच्या ताफ्यात तीनशेहून जास्त बस आहेत, फ्लोरिडातल्या मोठ्या बसताफ्यांमध्ये त्यांची गणना होते. तिकीट नाही. नवं हॉटेल उघडलं की दुसऱ्या दिवशी बस दारात. रात्री गर्दी वाढली की बस वाढवायच्या. तिचा फोटो कुणी काढत नाही.

बाबांनी मात्र काढला. पार्कबाहेरच्या बसथांब्यांचा. प्रत्येक फलाटावर हॉटेलचं नाव, रांगेला कठडे, पुढे व्हीलचेअरवाल्यांना आधी चढवायची सोय. बाबांचं म्हणणं, "हे स्टँड कुणीतरी स्टँडवर काम केलेल्या माणसानं बांधलंय."

त्यांनी एक खोटही काढली. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलला थेट बस सहसा नसते. आधी एखाद्या पार्कला किंवा बाजाराच्या भागात यायचं, तिथे बदलायचं. बाबा हसले. म्हणाले, "भारमानाचं गणित आहे. दोन माणसांसाठी गाडी सोडली तर रिकामी जाते. आम्ही पण विट्याला बदलायला लावायचो." एसटीत भारमान म्हणजे गाडीतल्या किती सीट भरल्या, त्याचं प्रमाण. पन्नास वर्षांच्या डिस्ने नियोजनाचं सार माझ्या बाबांनी एका शब्दात सांगितलं, आणि तोही डेपोतला शब्द.

५ जुलै २००९

आता थोडं जड आहे, पण हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. आतषबाजी, प्रचंड गर्दी. २००९ मध्ये ती रात्र उलटून पहाटेचे दोन वाजले होते. मोनोरेलच्या गाड्यांना रंगांची नावं असतात. गुलाबी गाडी एपकॉटच्या मार्गावरून मागे येऊन दुसऱ्या तुळईवर वळणार होती, आणि तिथून डेपोत जाणार होती. त्यासाठी तुळईचा एक सांधा हलवावा लागतो, आपल्याकडे रेल्वेचे सांधे बदलतात तसा. तो हलवलाच गेला नाही. गुलाबी गाडी ज्या तुळईवर होती त्याच तुळईवरून मागे मागे स्टेशनात आली, आणि तिथे उभ्या असलेल्या जांभळ्या गाडीवर आदळली. जांभळ्या गाडीचा चालक गेला. तो २१ वर्षांचा होता. ऐकणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या वयाचा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला. सांधा बदलायचा राहिला, आणि तो बदललाय का याची खात्री न करता गाडी मागे घ्यायची परवानगी दिली गेली, असं त्यात निघालं. त्या रात्रीचा समन्वयक आजारी पडून घरी गेला होता. त्याच्या जागी काम बघणारा व्यवस्थापक बाहेर एका रेस्टॉरंटमध्ये होता आणि तिथून रेडिओवर सूचना देत होता. असं करू नये, असा लेखी नियमच नव्हता. नीट लिहिलेल्या कार्यपद्धतीचा अभाव, हेही मंडळाने कारणांमध्ये धरलं.

त्याआधी पाहुण्यांना चालकाशेजारी, पुढच्या काचेत बसू द्यायचे. लहान मुलांची आवडती जागा. त्या रात्रीनंतर ते बंद झालं.

मी हा भाग बाबांना वाचून दाखवला. ते इतकंच म्हणाले, "गाडी मागं घेताना कंडक्टर खाली उतरतो. का, ते आता कळलं का?" लहानपणी मी किती वेळा बघितलंय ते. एसटी मागे घेताना कंडक्टर उतरून मागे उभा राहतो, शिट्टी मारतो, हात हलवतो. मला ती शिट्टी गमतीची वाटायची. रोज लाखभर माणसं उचलणारी मोनोरेल ही राइड नव्हती, ती रेल्वे होती, आणि मागे बघायला त्या रात्री कुणी नव्हतं.

पाळणा परत आला

२९ सप्टेंबर २०१९ ला डिस्ने वर्ल्डमध्ये स्कायलायनर सुरू झाली. केबलवरचे पाळणे, ऑस्ट्रियाच्या डॉपलमायर कंपनीने बांधलेले. तीन मार्ग, सुमारे तीनशे पाळणे. दोन पार्क आणि चार-पाच हॉटेलं त्यांनी जोडली. १९५६ चा तो स्कायवे आठवतोय? कॅलिफोर्नियातला १९९४ मध्ये आणि फ्लोरिडातला १९९९ मध्ये बंद झाला होता. तेव्हा ती गंमत होती. वीस वर्षांनी तीच गोष्ट वाहतूक म्हणून परतली.

का परतली, तर हिशोब करून बघू. समजा एका बसमध्ये ६० माणसं आणि दर वीस मिनिटांनी बस. तासाला १८०. आता समजा पाळण्यात दहाच माणसं, पण दर बारा सेकंदांनी एक पाळणा. तासाला तीनशे पाळणे, म्हणजे तीन हजार माणसं! वाहन लहान, फेऱ्या जास्त. शिवाय दलदलीत रस्ता किंवा तुळई बांधण्यापेक्षा अंतराअंतरावर खांब रोवणं सोपं. स्टेशनात पाळणा मुख्य केबलपासून सुटतो, हळू होतो, आणि लोक चालता चालता चढतात. व्हीलचेअरसाठी बाजूला वेगळा फाटा, तिथे पाळणा पूर्ण थांबतो. न थांबणारी गाडी... वॉल्टची पीपलमूव्हर नाही का ही? १९६६ च्या फिल्ममधली कल्पना ५३ वर्षांनी दुसऱ्या रूपात आली.

तिलाही मार बसलाच. सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच ५ ऑक्टोबरला ती बंद पडली, आणि लोक तीन तासांहून जास्त वेळ हवेत अडकले. पुढचे काही दिवस सेवा थांबवली, मग पुन्हा सुरू झाली. वीज कडाडायला लागली की आजही पाळणे थांबवतात. त्या वेळी लोकांना कोण नेतं? ओळखा. बस.

चेंबूरची तुळई

आता मुंबईकर ऐकणारे म्हणतील, मोनोरेल म्हटल्यावर आमचा विषय कसा टाळलास? टाळत नाहीये. मुंबईची मोनोरेल त्याच जातीची आहे: एक काँक्रीटची तुळई, तिच्यावर मांड ठोकून धावणारी रबरी चाकांची गाडी.

फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा हा पहिला टप्पा सुरू झाला. पहिल्या दिवसांत लोक पोरांना घेऊन चक्कर मारायला आले, अगदी डिस्नेलँडला १९५९ मध्ये आले तसे. मार्ग बघा: फर्टिलायझर टाऊनशिप, भारत पेट्रोलियम, म्हैसूर कॉलनी, भक्ती पार्क. पुढचा टप्पा संत गाडगे महाराज चौकापर्यंत जायला मार्च २०१९ उजाडला. मध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये रिकाम्या गाडीच्या डब्यांना आग लागली आणि सेवा कित्येक महिने बंद राहिली. गाड्या कमी, सुटे भाग मिळेनात, दोन गाड्यांमध्ये पंधरा मिनिटांहून जास्त अंतर. १९ ऑगस्ट २०२५ ला मुसळधार पावसात हार्बर लोकल बंद पडली, सगळी गर्दी मोनोरेलवर लोटली, आणि जास्त वजनाने गाडी तुळईवरच अडकली. पाचशेहून जास्त माणसांना काचा फोडून, शिड्या लावून खाली आणलं. पुढच्याच महिन्यात, २० सप्टेंबरपासून, डागडुजी आणि नव्या यंत्रणेसाठी सेवा थांबवली.

मला यात कुणाची टिंगल करायची नाही. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की फरक कळतो. डिस्नेची मोनोरेल चालते, कारण तिच्या एका टोकाला हजारो गाड्यांचं पार्किंग आहे आणि दुसऱ्या टोकाला पार्क. रोज, नक्की, तेवढी माणसं तिथून तिथे जाणारच आहेत. जमीन एकाच मालकाची. शेजारून समांतर बोट जाते, मोनोरेल बंद पडली तरी माणूस अडकत नाही. आणि जिथे हिशोब बसला नाही, तिथे डिस्नेने स्वतःच मोनोरेल वाढवली नाही, बस लावली. जगभर फोटो गेला तो हॉटेलच्या पोटातून जाणाऱ्या गाडीचा. पार्किंग, बोट आणि बसचा फोटो गेला नाही.

द्वादशीची गर्दी

त्या दिवशी रात्री आतषबाजी संपली आणि किल्ल्यासमोरची सगळी माणसं एकदम वळली. झोपलेली पोरं खांद्यावर, ढकलगाड्या, दमलेले चेहरे. मला भीती वाटली. बाबा मात्र एकदम हुशारले. म्हणाले, "ही बघ, द्वादशीची गर्दी."

पंढरपूरला लोक वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वाटांनी येतात. पण एकादशी झाली, की परतायचं सगळ्यांना एकदमच असतं. एसटी गावाबाहेर तात्पुरती स्थानकं उभारते, जिल्ह्याजिल्ह्याच्या गाड्या वेगळ्या लावते, भरली की सोडते. बाबा सांगत होते, "त्या रात्री टाइमटेबल नसतंय. माणूस दिसला की गाडी." बाबांनी अशा किती रात्री काढल्या, ते मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्यासाठी तेव्हा बाबा म्हणजे फक्त आषाढीला घरी नसलेले बाबा होते.

आम्ही पुन्हा बोटीनेच आलो. वरच्या मजल्यावर कठड्याला धरून उभे होतो. मागे किल्ला लहान होत गेला. बोट काठाला लागली, दार उघडलं, सहाशे माणसं उतरायला लागली. बाबांनी सवयीने घड्याळ बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "नऊ मिनिटं. चांगली आहे फेरी."

तर मंडळी, हा होता आजचा भाग. पुढच्या वेळी बसमध्ये चढाल तेव्हा कंडक्टरला एकदा विचारून बघा, सगळ्यात मोठी गर्दी त्यांनी कधी बघितली. काय उत्तर मिळालं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवेन. आणि बाबा त्या ऐकणार आहेत, त्यामुळे जरा नीट रेकॉर्ड करा. भेटूया!